विश्लेषण : शाळेत ‘पर्माकल्चर’ शिकवाल, पण मे महिन्यात झाडांना पाणी कोण घालणार?

जूनमध्ये शाळा उघडली की आवारात रोपे लागतात. खड्डे आधीच खणलेले असतात, पाहुणे येतात, फोटो निघतो. पुढच्या जूनमध्ये बहुतेक त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपे लागतात. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शाळांना हे दृश्य अनोळखी नाही. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे माध्यमिक शाळांत व्यवसाय शिक्षणाला जागा मिळते आहे, आणि ठाण्याच्या या ग्रामीण, डोंगराळ पट्ट्यात तो व्यवसाय ‘पर्माकल्चर’चा असावा का, हा प्रश्न विचारण्यासारखा झाला आहे. शेतीच्या या पद्धतीत नेमके काय असते, शाळेच्या वेळापत्रकात ती बसते कुठे, महाराष्ट्रात असे काही आधी झाले आहे का आणि घोडे नेमके कुठे अडते?

पर्माकल्चर म्हणजे काय?

‘पर्मनंट’ म्हणजे टिकाऊ आणि ‘अॅग्रिकल्चर’ म्हणजे शेती, या दोन शब्दांच्या जोडणीतून ‘पर्माकल्चर’ हा शब्द तयार झाला. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात बिल मॉलिसन आणि त्यांचे विद्यार्थी डेव्हिड होमग्रेन यांनी ही कल्पना मांडली. त्यांचे पहिले पुस्तक १९७८ साली आले. जमीन, पाणी, झाडे, जनावरे आणि माणसाचे घर यांची मांडणी अशी करायची की एकाचा टाकाऊ भाग दुसऱ्याच्या उपयोगी पडावा आणि बाहेरून खत, पाणी, इंधन कमीत कमी आणावे लागावे, हा तिचा गाभा. सेंद्रिय शेती ‘रासायनिक खत नको’ इथून सुरू होते. पर्माकल्चर ‘पाणी कुठून येते आणि कुठे जाते’ इथून सुरू होते.

यात जागेचे पट्टे पाडतात. रोज हात लागेल ते घराजवळ, म्हणजे कोथिंबीर, मिरची, अळू. आठवड्यातून एकदा पाहायचे ते थोडे लांब, म्हणजे फळझाडे, कोंबड्या. त्यापलीकडे मुख्य पीक, मग सरपण आणि चाऱ्याची झाडे, आणि शेवटी ज्याला हात लावायचा नाही असे रान. हे ऐकून कोकणातला कोणीही म्हणेल, यात नवे काय? माजघरामागे परसबाग, मग वाडी, मग खाचर, मग वरकस जमीन आणि वर डोंगर, ही मांडणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते खरेच आहे. नवे आहे ते एवढेच की ही मांडणी कागदावर काढता येते, मोजता येते आणि म्हणून शिकवता येते.

महाराष्ट्रात हा विचार या नावाशिवायही वाढला. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा करून, दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे भागेल का, याचे गणित शेतकऱ्यांसमोर मांडले. ‘बायफ’ने १९८०च्या दशकात गुजरातमधल्या वांसदा भागात आदिवासी कुटुंबांसोबत आंबा-काजूच्या वाड्या उभ्या केल्या आणि पुढे जव्हारच्या डोंगरात तीच पद्धत आणली. बांधावर जंगली झाडे, मध्ये फळझाडे आणि त्यांच्या ओळींत भात किंवा नाचणी. पुस्तकी व्याख्येनुसार हे पर्माकल्चरच आहे.

शहापूर आणि मुरबाडच का?

कारण पाण्याचा विरोधाभास इथे जितका ढळढळीत आहे तितका फार थोड्या ठिकाणी असेल. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची एकूण साठवणक्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे. त्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा, आणि भातसा शहापूर तालुक्यात आहे. तानसा तलावही याच तालुक्यात, १८९२ पासून. तरीही दर उन्हाळ्यात शहापूरच्या आणि शेजारच्या मुरबाडच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते, हंडे रांगेत लावले जातात.

पाऊस कमी पडतो म्हणून हे होत नाही. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस इथे पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उतार तीव्र, मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ. पाणी पडते आणि निघून जाते. विहिरी फेब्रुवारीत तळ दाखवू लागतात.

माणसेही पाण्याच्याच मागे जातात. भात कापून झाला की दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात ती पाऊस सुरू होईपर्यंत. मुलांची शाळा तिथे तुटते. ठाकूर आणि महादेव कोळी वस्त्यांतून तरुण वासिंद, आसनगावच्या कारखान्यांत, मुरबाडच्या एमआयडीसीत किंवा भिवंडीच्या गोदामांत जातात. दुसरे पीक घेण्याइतके पाणी असेल तिथे चित्र वेगळे दिसते. ज्या गावांना कालव्याचे किंवा विहिरीचे पाणी मिळते, तिथली भेंडी वाशीच्या बाजारात जाते. म्हणजे जमीन नापीक नाही. पाणी थांबले तर माणूसही थांबतो.

दहावीपर्यंत शिकलेल्या मुलाला गावात राहावे की जावे हे ठरवायचे असेल, तर निदान दोन्ही पर्याय त्याच्यासमोर असायला हवेत. आज शाळा त्याला फक्त जाण्यासाठी तयार करते. तेही अर्धवटच.

शाळेच्या वेळापत्रकात हे बसते कुठे?

‘पर्माकल्चर’ नावाचा स्वतंत्र विषय दहावीच्या गुणपत्रिकेवर नाही. पण त्याला जागा नाही असेही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असे उद्दिष्ट ठेवले होते आणि सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली होती. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने व्यवसाय शिक्षणाचे तीन भाग केले : सजीवांसोबतचे काम, यंत्रे व साहित्यासोबतचे काम आणि सेवांचे काम. यातला पहिला भाग जणू पर्माकल्चरसाठीच लिहिला आहे.

याशिवाय महाराष्ट्रात समग्र शिक्षा अभियानाखाली काही माध्यमिक शाळांत नववीपासून व्यवसाय विषय चालतात. शेती हे त्यातले एक क्षेत्र. भोपाळच्या केंद्रीय व्यवसाय शिक्षण संस्थेने टोमॅटो-वांगी-मिरची गटातली पिके घेणारा, माळी, भातशेती करणारा अशा भूमिकांसाठी अभ्यासक्रम तयार केले आहेत. विद्यार्थी एका भाषाविषयाच्या जागी असा विषय घेऊ शकतो.

मात्र या अभ्यासक्रमांची रचना एकेका पिकाभोवती आहे. रोपे कशी तयार करायची, फवारणी कधी, तोडणी कशी. पाणी आहे हे त्यात गृहीत धरलेले असते. डोळखांब किंवा टोकावडे परिसरातल्या शाळेत नेमके तेच गृहीत धरता येत नाही.

पाबळने काय करून दाखवले?

माध्यमिक शाळेत हाताचे काम गुणपत्रिकेपर्यंत नेण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत टिकलेला प्रयोग पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञ. अमेरिकेत डॉक्टरेट, मग हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन. ते सगळे सोडून १९८३ साली ते शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात आले आणि ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. गावातल्या माध्यमिक शाळेत त्यांनी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय आणला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन असे त्याचे चार भाग. माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला मान्यता दिली आणि पुढे लेंड-अ-हँड इंडियासारख्या संस्थांनी तो राज्यातल्या अनेक शाळांत नेला. आज तो ‘मल्टी स्किल’ या नावाने राष्ट्रीय कौशल्य आराखड्यात बसवलेला आहे.

या प्रयोगातल्या तीन गोष्टी शहापूर-मुरबाडच्या कामाच्या आहेत. पहिली म्हणजे आठवड्यातून पूर्ण एक दिवस. पस्तीस मिनिटांच्या तासात खुरपे हातात घेईपर्यंत घंटा होते. दुसरी, शिकवणारा गावातला किंवा आसपासचा कारागीर असू शकतो, त्याच्याकडे बी.एड. असलेच पाहिजे असे नाही. आणि तिसरी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे मुलांचे काम गावाच्या उपयोगी पडते आणि गाव त्याचे पैसे देते. मातीपरीक्षण, रक्तगट तपासणी, वेल्डिंगची किरकोळ कामे. ज्या कामाचे पैसे मिळतात ते नीट करावे लागते. पाबळच्या मुलांना हे वेगळे शिकवावे लागले नाही.

कलबागांचा प्रयोग पर्माकल्चरचा नव्हता. पण त्याची चौकट तयार आहे. शेती-पशुपालनाच्या आणि ऊर्जा-पर्यावरणाच्या भागांत जमिनीच्या मांडणीचे शिक्षण घालायचे, तर नवा विषय, नवी मान्यता, नवी समिती यातले काहीच लागत नाही.

ठाणे जिल्ह्याचा स्वतःचा अनुभव काय सांगतो?

२०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत डहाणूतले कोसबाड ठाणे जिल्ह्यातच होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि १९५०च्या दशकात ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, कारण त्यांना गुरे राखायची असतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिलाच ‘कुरणशाळा’ म्हणतात. शिकण्याचे साहित्य म्हणून बिया, काटक्या, शंख-शिंपले. त्याच टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीच्या कृषी संस्थेत जयंतराव पाटील यांनी आदिवासी शेतकऱ्यांसाठी फळबाग आणि भाजीपाल्याचे काम उभे केले.

कोसबाडची गोष्ट बालशिक्षणाची म्हणून सांगितली जाते. पण तिच्यातली खरी मेख वेळापत्रकाची आहे. मुलाच्या घरचे काम कधी असते ते पाहून शाळेची वेळ ठरवली गेली. झाडांबाबतही नेमके हेच करावे लागेल, आणि आपली शाळा नेमके हेच करत नाही.

मुलांना नेमके काय शिकवायचे?

सुरुवात तीन काठ्यांपासून होऊ शकते. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये आडवी काठी, आणि टोकापासून दोरीला दगड लोंबता सोडायचा. इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी ही चौकट दोन खुंट्यांवर उभी करून आडव्या काठीवर दोरीची खूण करायची, पाय उलटसुलट करून दुसरी खूण करायची. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. ही चौकट पायापायाने उतारावर फिरवत खुंट्या ठोकत गेले की समपातळीची रेष जमिनीवर दिसू लागते. कृषी खात्याच्या भाषेत जे ‘सलग समतल चर’, ते याच रेषेवर खणतात. त्रिकोण, लंब, मध्यबिंदू, सगळे नववीच्या भूमितीतले. खर्च शून्य.

पण इथेच सावध व्हायला हवे. पर्माकल्चरची बरीचशी पुस्तके ऑस्ट्रेलियासारख्या कोरड्या मुलखात लिहिली गेली. तिथे पाण्याचा प्रत्येक थेंब अडवणे हे शहाणपण. माळशेजच्या पायथ्याला एका दिवसात शंभर-दीडशे मिलिमीटर पाऊस सहज पडतो. तिथे सांडवा न ठेवता खणलेला चर फुटतो, आणि तीव्र उतारावर तर माती घेऊनच खाली येतो. पाणी किती अडवायचे याइतकेच ते कुठून सोडायचे, हेही शिकवावे लागेल. आणि ते शिकवायला शहापूर-मुरबाडमध्ये उत्तम पाठ्यपुस्तक आधीच आहे : भाताचे खाचर. वरच्या खाचरातून खालच्या खाचरात पाणी सोडण्याची जागा कुठे असावी, बांध किती उंच, बांधावर तूर का लावायची, हे मुलाच्या आजोबांना ठाऊक असते. शाळेने ते कधी विचारलेले नसते.

दुसरा विषय राबाचा. या भागात भाताचे रोप टाकण्याआधी झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतात. तण मरते, रोप जोमदार येते. पण त्यासाठी दरवर्षी झाडांची छाटणी होते आणि जमिनीतला जीवही भाजून निघतो. याला पर्याय शोधण्याचे काम मुरबाडच्या शेजारी, कर्जत तालुक्यात नेरळजवळ झाले. चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा बाग’मध्ये विकसित केलेल्या भाताच्या पद्धतीत गादीवाफे एकदाच करतात आणि वर्षानुवर्षे मोडत नाहीत. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. बी थेट टोकतात आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच ठेवतात. ती सगळ्यांना पटलेली नाही. तणाचा प्रश्न आणि त्यासाठी होणारा तणनाशकाचा वापर यावर मतभेद आहेत, आणि पर्माकल्चरवाले तणनाशक मान्य करणार नाहीत. शाळेच्या दोन गुंठ्यांत एका बाजूला राबाचे भात, दुसऱ्या बाजूला गादीवाफ्याचे. दोन्हीकडचे मजुरीचे तास, बियाणे, उत्पन्न मुलांनीच वहीत लिहायचे. एखाद्या वर्षी राब जिंकला तरी हरकत नाही.

तिसरे शिक्षण आजीकडून. जूनच्या पहिल्या सरींनंतर मुरबाड, शहापूर आणि कल्याणच्या बाजारात शेवळांच्या जुड्या दिसतात. शेवळे खाजरी असतात, म्हणून काकडाची फळे घालून शिजवतात. कोणते कंद कसे उकळायचे, कंटोळी कुठल्या कुंपणावर येते, भारंगी कधी खुडायची, हे ज्ञान अजून घरोघरी आहे, पण ते मुलांकडे येणे थांबत चालले आहे. शेवळाचे कंद वेगवेगळ्या सावलीत लावून पाहणे, कंटोळीचा वेल शाळेच्या तारेवर चढवणे हा खऱ्या अर्थाने स्थानिक व्यवसाय आहे. त्याला बाजार तयार आहे आणि खत-औषध जवळजवळ लागत नाही.

रोपवाटिका, गांडूळखत, कलमे बांधणे, गिरीपुष्प किंवा निर्गुडीचे जिवंत कुंपण यांबद्दल इथे विस्ताराने लिहीत नाही, ते कुठल्याही कृषी अभ्यासक्रमात मिळेल. कुंपणाबाबत एवढेच : भातकापणीनंतर गुरे मोकळी सोडण्याची इथली रीत आहे आणि फाल्गुनात माळावर वणवे लागतात. कुंपण आणि जाळपट्टा नसेल तर बाकीचे शिक्षण वाया जाते.

मे महिन्याचे काय?

आता मुख्य अडचणीकडे. नववीचा वर्ग जूनमध्ये सुरू होतो. दहावीची प्रात्यक्षिके फेब्रुवारीत, लेखी परीक्षा मार्चपर्यंत संपते. म्हणजे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात दोन पावसाळे येतात, दोन हिवाळे येतात आणि मे महिना येतो फक्त एकदा, तोही सुट्टीत. परीक्षक येतो तेव्हा जमिनीत अजून ओल असते, वाफे हिरवे असतात, मुलांना गुण मिळतात. ज्या महिन्यात या भागातली शेती खरोखर हरते, तो महिना अभ्यासक्रमाने पाहिलेलाच नसतो.

हिशेब करून पाहू. शाळेच्या शंभर चौरस मीटर पत्र्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. असा दिवस जुलैमध्ये इथे सहज मिळतो. सबंध पावसाळ्यात त्याच पत्र्यावरून, गळती-उडती वजा करून, दोन लाख लिटर निघावे. म्हणजे पाणी मिळवणे हा प्रश्न नाही, ते ठेवायचे कुठे हा प्रश्न आहे. समजा फक्त दहा हजार लिटरची बंद टाकी आहे. लहान रोपाला बुडाशी पालापाचोळ्याचे जाड आच्छादन असेल आणि पाणी मातीत पुरलेल्या मडक्यातून झिरपत दिले, तर आठवड्याला दहा लिटर धरू. सुट्टीचे सहा आठवडे, साठ लिटर. शंभर रोपांना सहा हजार लिटर. टाकीत चार हजार उरतात.

शाळा सुरू असताना तर याहून सोपे आहे. पोषण आहार आठवीपर्यंतच मिळत असला तरी आश्रमशाळेत आणि पाचवी ते दहावी एकत्र असलेल्या शाळेत ताटे, हात धुण्याचे पाणी रोज वाहून जाते. दोनशे मुलांचे दोन-दोन लिटर धरले तरी चारशे लिटर. त्याच्या वाटेवर केळीचे आळे केले की नोव्हेंबर ते एप्रिल वेगळे पाणी लागत नाही.

कागदावर हे जमते. आता अवघड भाग. ज्या पाड्यावर मे महिन्यात टँकर येतो, तिथे शाळेच्या टाकीत झाडांसाठी राखून ठेवलेले दहा हजार लिटर पाणी कुलपात राहील का? आणि राहावे का? माझे उत्तर असे की माणसाला पाणी हवे असेल तर ते माणसाला द्यावे लागेल, आणि तसे होणार हे धरूनच आखणी करावी लागेल. टाकी एक नव्हे, दोन हव्यात : एक वस्तीसाठी, एक झाडांसाठी. वस्तीची टाकी मुलांनी बांधलेली असेल तर झाडांच्या टाकीला हात लागण्याची शक्यता कमी. मुलांच्या शिक्षणाचा पाड्याला थेट फायदा झाला, तरच पाडा मुलांची झाडे राखेल. पाबळमध्ये गाव पैसे देत होते, इथे गाव पाण्याचा हिशेब पाळेल.

दुसरी गोष्ट माणसाची. सुट्टीत आश्रमशाळेची मुले घरी जातात. वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे तर पाऊस सुरू झाल्यावरच परततात. शिक्षक आपल्या गावी जातात. व्यवसाय विषयांचे प्रशिक्षक बहुधा मानधनावर, कंत्राटी असतात आणि सुट्टीच्या काळात त्यांनी यावे अशी अपेक्षा ठेवणे न्याय्य नाही. मग पाणी घालणार कोण? यावर उपाय दिसतो तो असा की नववीतून दहावीत जाणाऱ्या, गावातच राहणाऱ्या मुलांच्या जोड्यांना आठवड्यातला एकेक दिवस वाटून द्यायचा आणि ते तास प्रात्यक्षिकात धरायचे. आणि पंधरा जूनला किती रोपे जिवंत आहेत हे मोजून त्याचे गुण द्यायचे. फेब्रुवारीतल्या वाफ्याचे नव्हे. परीक्षा पद्धतीत एवढा एक बदल झाला तर प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे लक्ष आपोआप टाकीकडे जाईल. आपल्याकडे ज्याला गुण असतात त्याकडेच लक्ष जाते, हे वाईट असेल, पण खरे आहे.

शिकून काम मिळेल का?

पालकांचा प्रश्न हाच असतो, आणि तो रास्त आहे. दहावीनंतर आयटीआयमध्ये फिटर किंवा वायरमन झालेल्या मुलाला कारखान्यात जागा मिळते, हे त्यांनी पाहिलेले असते. पर्माकल्चर शिकलेल्या मुलाचे काय झाले, हे कोणी पाहिलेले नाही.

आज या दोन तालुक्यांत अशा कौशल्याला पैसे देणारे गिऱ्हाईक आहे, पण ते कोण आहे हे स्पष्ट बोलायला हवे. मुंबई-ठाण्याच्या लोकांनी इथे जमिनी घेऊन फार्महाऊस बांधली आहेत. समृद्धी महामार्ग शहापूरमधून गेल्यापासून जमिनीची मागणी आणखी वाढली. या मालकांना सेंद्रिय भाजी, फळबाग, पावसाचे पाणी साठवणारे तळे हवे असते, आणि ते सांभाळणारा माणूस हवा असतो. म्हणजे आजोबांनी विकलेल्या जमिनीवर नातू माळी म्हणून पगारावर. पगार वाईट नसेलही. पण शाळेने दोन वर्षे खर्च करून एवढेच साधायचे का, हे विचारले पाहिजे.

दुसरी वाट मुलाच्या स्वतःच्या जमिनीची, कितीही थोडी असली तरी. महाराष्ट्रात १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवडीला मजुरी आणि साहित्याचे पैसे मिळतात. अर्ज, नकाशा, खड्ड्यांचे मोजमाप, जिवंत झाडांची नोंद हे सगळे ज्याला जमते तो आपली वाडी उभी करतो आणि चार शेजाऱ्यांची कामेही करून देतो. वनहक्क मिळालेल्या गावांना रोपांची गरज असते. ती रोपे बाहेरून आणायची की गावातल्या रोपवाटिकेतून घ्यायची, हे ग्रामसभा ठरवू शकते. ज्याला अजून शिकायचे आहे त्याच्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे पदविका अभ्यासक्रम आहेत आणि भाताचे संशोधन केंद्र शेजारच्या कर्जतलाच आहे. कातकरी कुटुंबांपैकी अनेकांकडे मात्र स्वतःची जमीनच नाही. त्यांच्या मुलांसाठी ही वाट घरकुलाच्या मागच्या अंगणापुरतीच उरते, आणि त्या अंगणात कंटोळीचा वेल, शेवगा आणि चार कोंबड्या मावतात, याहून जास्त आश्वासन कोणी देऊ नये.

सुरुवात करायला किती शाळा पुरेत?

दोन्ही तालुक्यांत मिळून चार-पाच, त्याही वेगवेगळ्या. एखादी शासकीय आश्रमशाळा, जिच्याकडे थोडीफार जमीन आणि स्वयंपाकघर आहे. शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असल्याने तिथे निर्णय जवळ होतो. एखादी खासगी अनुदानित शाळा, किन्हवली किंवा धसईसारख्या बाजाराच्या गावातली. एखादी रस्त्यापासून लांब, डोंगराच्या कुशीतली. निवड एप्रिलमध्ये व्हावी, जूनमध्ये नाही. एप्रिलमध्ये शाळेची विहीर, बोअर, पत्रा आणि कुंपण जसे आहे तसे दिसते. जूनमध्ये सगळ्याच शाळा हिरव्या असतात.